डोळ्याला बूच आणि जिवाला घोर

मैत्रिणींनो, परवा मुलुंडच्या आमच्या मोठ्या जाऊबाई अंधेरीला आल्या, त्या डोळ्याला रुमाल लावूनच. मी पेपर तपासत बसले होते. म्हटलं, “काय हो ताई, रडवलं कुणी?”

“अगं, रडतेय कुठली! डोळ्यात बूच बसवलंय ना, ते टोचतंय!”

मला हसूच आलं. पण रुमाल काढून पाहिलं आणि हसू मावळलं. नाकाजवळचा कोपरा लाल, सुजलेला, आणि पिवळट चिकट घाण.

पन्नाशीच्या आसपास डोळे कोरडे पडण्याचा त्रास पुष्कळ जणींना होतो. त्यात ऑफिसातलं एसी, कॉम्प्युटर आणि लोकलच्या खिडकीतला वारा! थेंब घालून भागेना, तेव्हा डॉक्टर कधी कधी हे बूच सुचवतात. आपल्या प्रत्येक पापणीच्या नाकाकडच्या टोकाला एक बारीकसं भोक असतं. डोळ्यातलं पाणी तिथून नाकात उतरतं. रडताना नाक गळतं ते म्हणूनच! मोरीचं भोक बंद केलं की पाणी साठतं ना, तसंच हे. असं सिलिकॉनचं बूच 1975 साली फ्रीमन या डॉक्टरांनी पुढे आणलं. बसवायला काही मिनिटं पुरतात, टाकाबिका नाही. काही दिवसांत आपोआप विरघळणारी बुचंही असतात. ती आधी लावून अंदाज घेता येतो.

अनेकींना यानं आराम पडतो. पण काही गोष्टी ठाऊक हव्यात. सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे बूच निसटून पडणं. म्हणून डोळ्याचा तो कोपरा चोळायचा नाही. काहींच्या डोळ्यातून उलट सारखं पाणी वाहतं. कधी बुचाचं टोक बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागाला घासतं. कधी ते आत नळीत सरकतं, आणि मग तिथे जंतू साचून पू होतो. पापण्यांना आधीच सूज असेल तर ती अगोदर बरी करून घ्यावी. नाहीतर तेच दूषित पाणी डोळ्यात साठून राहतं.

जाऊबाईंनी “उष्णता झाली असेल” म्हणून आठ दिवस गुलाबपाणी घातलं. घरात लग्नाची गडबड, मग कोण जातं डॉक्टरकडे! त्याच संध्याकाळी मी त्यांना ओढत नेलं. डॉक्टरांनी बूच काढलं, औषध दिलं, आणि हळूहळू सूज उतरली. “आणखी उशीर केला असता तर दुखणं वाढलं असतं,” असं ते म्हणाले, तेव्हा ताईंचा चेहरा उतरला.

तेव्हा बूच बसवण्याआधी विचारून घ्या: कोणत्या डोळ्याला, वर की खाली, विरघळणारं की कायमचं? ते वहीत तारखेसह लिहून ठेवा आणि पुढे कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे गेलात तर दाखवा. दुखणं, लाली, पू, नाकाजवळ सूज किंवा अंधूक दिसणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका. चिमट्यानं स्वतः काढायला तर मुळीच जाऊ नका.

घरातली मोरी तुंबली तर आपण त्याच दिवशी माणूस बोलावतो. स्वतःचा डोळा मात्र आठ आठ दिवस अंगावर काढतो. एवढं एक सोडा बायांनो!