‘घरच्या घरी योग’, पण कुणाच्या घरी?

चिंचपोकळीच्या एका चाळीत आमच्या गटाची बैठक होती. विषय रेशनकार्डाचा. बोलता बोलता पंचेचाळिशीतल्या एक ताई म्हणाल्या, “डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, घरी रोज योग करा. मोबाइलवर बघून करते. पण परवा चक्कर आली.”

काय करत होता, विचारलं. कपालभाती, झपाझप. पहाटे नळाला पाणी येण्याआधी, झोपलेली मुलं आणि मोरी यांच्यामधल्या दोन-तीन फुटांत. डोकं गरगरलं तशा त्या भिंतीला टेकून बसल्या. मोबाइलमधला माणूस मात्र हसतमुखाने आकडे मोजतच राहिला.

माझं भांडण या मोजत राहणाऱ्या माणसाशी आहे. रक्तदाब जास्त असेल, दिवस गेलेले असतील, हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर असे जोरजोरात श्वास सोडायचे नसतात. ही वर्गात पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. त्याच्या कार्यक्रमाखाली ती बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असेलही. ताई सातवी शिकलेल्या आहेत.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवलं होतं, माणसाला परिस्थितीसकट बघा. ‘घरच्या घरी योग’ शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर असतं? रिकामा हॉल, बंद होणारं दार, अर्धा तास कुणी हाक न मारणारं घर. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे बाईने पाय पसरायचे कुठे? सासऱ्यांसमोर पाय वर करून झोपायचं कसं? आणि जमलं नाही की दोष पुन्हा बाईचाच. ‘स्वतःकडे लक्षच देत नाही!’

घरी योग करू नये, असं मी म्हणत नाही. योगेंद्रांनी 1918 साली वर्सोव्याला योगसंस्था काढली, ती आज सांताक्रूझला आहे. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 साली खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. घराबाहेर पडणं अवघड असलेल्या बाईला असं पुस्तक आधारच वाटलं असणार. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात पाळी, गरोदरपण, बाळंतपण यांचा वेगवेगळा विचार आहे. अय्यंगार पद्धतीत पट्टा, खुर्ची, भिंत, लोड यांचा आधार घेतात. आपल्या खोलीत पट्ट्याऐवजी जुनी ओढणी चालेल, लोडाऐवजी गुंडाळलेली गोधडी. म्हणजे शिकवणाऱ्याने मनावर घेतलं तर आपल्या शरीराचा आणि आपल्या खोलीचा विचार होऊ शकतो.

म्हणून चांगलं मार्गदर्शन ओळखायची माझी कसोटी साधी आहे. ते आधी विचारतं: वय काय, दुखणं कुठलं, ऑपरेशन झालंय का, पाळी चालू आहे का, दिवसभर काम कुठलं? दुखलं तर थांबा, असं सांगतं. एखादी गोष्ट करू नका म्हणताना कारण देतं. पाळीत अमुक आसन नको, तर शरीराच्या दृष्टीने का नको ते सांगतं, विटाळाची भाषा करत नाही. बारीक व्हा, सुंदर दिसा, नवऱ्याला आवडा, असलं आमिष दाखवत नाही. आणि योगाने औषध सुटेल, असं कधीच म्हणत नाही. अंगावरून जास्त जाणं, अंग बाहेर येणं, रक्त कमी असणं यांवर आधी दवाखानाच हवा.

हे प्रश्न विचारायला समोर माणूस लागतं. आधी काही महिने समोरासमोर शिकायचं, चुका दुरुस्त करून घ्यायच्या, मग घरी करायचं. तेव्हा मोबाइलचा आवाज आठवण करून देण्यापुरता ठीक.

पण फी भरून क्लासला जाणं आपल्या बहुतेकींना परवडत नाही. मग मागायचं कुणाकडे? 2022 साली मुंबई महापालिकेने नागरिकांसाठी मोफत ‘शिव योग केंद्रं’ सुरू केली. आपल्या वस्तीजवळ तसा वर्ग आहे का, बायकांना सवड असते त्या वेळेला भरतो का, शिकवायला बाई आहे का, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारू या. नसेल तर पालिकेच्या शाळेचा हॉल मागू या. याच गिरणगावात 1975 साली प्रेमा पुरव यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र केलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. ज्यांना बँक दारात उभं करत नव्हती, त्यांनी कर्ज मिळवलं. आपण तर एक हॉल आणि एक तास मागतोय.

ताईंनी कपालभाती बंद केली आहे, गोळ्या चालू आहेत. वॉर्ड ऑफिससाठीच्या अर्जावर पहिली सही त्यांची आहे. दुसरी माझी. तिसरी तुमची असू दे.