मॅना कुणाच्या बापाचा?

बारामतीला शिकायला आलेल्या इंदापूर तालुक्यातल्या पोरांच्या खोलीवर आम्ही रविवारी वाचनासाठी जमतो. परवा पुस्तक बाजूला राहिलं आणि पोरं मोबाईलवरच्या गेमवरून भांडत बसली. जादूगाराचा मॅना संपला तर तो मंत्र टाकू शकतो की नाही, हा वाद. त्यातल्या एकाने आम्हालाच विचारलं, "दादा, पण हा मॅना येतो कुठून?"

आम्ही हसण्यावारी नेणार होतो. पण प्रश्न बिनतोड होता. शक्ती येते कुठून, ती कुणाला मिळते, वापरली की खर्च कुणाचा होतो? हे प्रश्न गेमला विचारण्याआधी आपल्या गावाला विचारायला हवे होते.

आधी गेमचं सांगतो. मॅना हा शब्द प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. 1891 साली कॉड्रिंग्टन नावाच्या मिशनऱ्याने मेलानेशियावरच्या पुस्तकात तो युरोपला समजावून सांगितला. पुढे 1969 मध्ये लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकाने एका कथेत कल्पना मांडली, की मॅना हा विहिरीच्या पाण्यासारखा आहे, उपसत राहिलं की आटतो. आजच्या गेममधली निळी पट्टी त्याच जातकुळीची. 1974 साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये हिशेब वेगळा, तिथे दिवसाला ठरावीकच मंत्र. वापरले की संपले, विश्रांतीनंतर परत मिळाले. पद्धत कोणतीही असो, नियम उघड्यावर लिहिलेले असतात आणि जो मंत्र टाकतो त्याचीच पट्टी खाली येते.

आता गावाकडे या. आपल्याकडेही एक अदृश्य ऊर्जा होती, तिचं नाव विटाळ. तिचे नियम कोणत्याही गेमपेक्षा बारीक होते. ओल्यातून ती वाहते, कोरड्यातून वाहत नाही. म्हणून आमच्या आज्याने कापलेली, मळलेली ज्वारी पाटलाच्या कणगीत बिनबोभाट जायची. त्याच ज्वारीची भाकरी आमच्या आजीने थापली की ती बाटायची. पितळी भांडं राखेने घासलं की शुद्ध, मातीचं मडकं मात्र फोडायचं. वाहतं पाणी बाटत नाही म्हणायचं आणि तरी आमचा पाणवठा नदीच्या खालच्या अंगालाच. एवढंच कशाला, या ऊर्जेला पल्लाही होता. पेशवाईत अस्पृश्याची सावलीसुद्धा चालत नव्हती आणि राजधानी पुण्यात त्याला कमरेला झाडू अन् गळ्यात मडकं बांधावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी माणसं प्यायली. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केलं. याहून मोठा मंत्रप्रयोग कोणत्या गेममध्ये आहे?

नियम नीट पाहिले की कळतं, ते कुणाच्या सोयीचे आहेत. श्रम कधीच बाटत नाही. आजही ऊस कुणीही तोडो, त्याची साखर कुणाच्याही चहात गोड लागते.

आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, हे गेम म्हणजे नवी अंधश्रद्धा, पोरांच्या हातातून काढून घ्या. आम्हाला हे पटत नाही. पोरांना पक्कं माहीत असतं की हा खेळ आहे. शिवाय खेळात एक मोठी शिकवण दडलेली आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये दोन प्रकारचे जादूगार असतात. विझर्ड अभ्यास करून, वहीत मंत्र उतरवून शिकतो. सॉर्सररच्या अंगात शक्ती जन्मजात, बऱ्याचदा रक्तातून, आलेली असते. पोरांना विचारलं, "तुम्ही कोण घेता?" बहुतेक म्हणाले, सॉर्सरर. का, तर अभ्यास नको! आम्ही त्यांना म्हणालो, अरे, वहीत उतरवून घ्यायची मुभा मिळावी म्हणून आपल्या पिढ्या झगडल्या आणि तुम्ही रक्तातली शक्ती निवडता?

पूर्वी याच खेळात अमुक वंशात जन्मलं की बुद्धी जास्त, तमुक वंशात जन्मलं की ताकद जास्त, असं ठरलेलं असे. 2024 च्या नियमपुस्तकात ते गुण जन्मावरून काढून माणसाच्या घडणीशी जोडले. ज्यांना चूक दिसली त्यांनी पुस्तक बदललं. आपल्याकडे पुस्तक बदलायला कुणी तयार नव्हतं, म्हणून 25 डिसेंबर 1927 ला महाडलाच मनुस्मृती जाळावी लागली, आणि संविधानाच्या कलम 17 ने विटाळाचा नियम रद्द केला. पुस्तकातून गेला म्हणजे डोक्यातून गेला, असं मात्र नाही.

मॅना कुठून येतो विचारणाऱ्या पोराच्या घरी सध्या बोअरचा विषय आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी टेलला पोचता पोचत नाही, जमीन जिरायती. गावात एक पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो, नारळ उभा राहिला की म्हणतो इथे पाणी. मागच्या खेपेला त्याच्या नारळाने दाखवलेली जागा कोरडी गेली. गेममध्ये मंत्र फसला तरी मॅना जादूगाराचाच जातो. इथे पाणाड्याची दक्षिणा त्याच्या खिशात आणि बोअरचं कर्ज पोराच्या बापाच्या डोक्यावर. वर कारण काय सांगितलं? घरात कुणीतरी शिवाशिव पाळली नाही म्हणून पाणी पळालं! घर बौद्धांचं आहे, हे मुद्दाम सांगतो.

पोराने आमच्याकडून एक युक्ती नेली. पाणाड्याने जागा दाखवली की तिथे खूण करायची, मग त्याचे डोळे बांधून त्याला पुन्हा फिरवायचं आणि नारळ त्याच जागी उभा राहतो का बघायचं. आणि पैसे घालण्याआधी सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे अर्ज करायचा. काल त्याचा फोन आला. बाप अर्जावर सही करायला तयार झालाय. डोळे बांधायचं म्हटल्यावर मात्र म्हणाला, "त्याला राग आला तर?"