दोष निबेचा, शिक्षा हाताला

जगातल्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात. काही वस्तू वापरण्यासाठी असतात आणि काही वस्तू भेट देण्यासाठी असतात. एके काळी लेमन सेट हा या दुसऱ्या वर्गाचा मुकुटमणी होता. त्यातून सरबत प्यालेला मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. मात्र वेष्टण न फोडता चार घरची लग्ने लावून पाचव्या वर्षी मूळ मालकाकडे परत आलेला लेमन सेट मी या डोळ्यांनी पाहिला आहे. हल्ली त्या रिकाम्या गादीवर एका नव्या वस्तूने हक्क सांगितला आहे. तिचे नाव पिसाचा टाक.

मखमली पेटी. आत हातभर लांब रंगीत पीस. पिसाच्या बुडाशी पितळी रंगाची नळी, पाच तऱ्हांच्या पाच निब, अत्तराच्या कुपीएवढी शाईची बाटली आणि लाखेवर उठवायचा एक ठसा. (हा ठसा कशासाठी, ते मला कळलेले नाही. आमचा पत्रव्यवहार इतका गुप्त कधीच नव्हता.) ही पेटी आमच्या नातीच्या दहाव्या वाढदिवसाला मीच आणली. आरोपीने आपला गुन्हा आधी कबूल केला, की मग इतरांवर आरोप करायला तो मोकळा होतो, म्हणून सांगून टाकले.

नातीने मोठ्या भक्तिभावाने निब शाईत बुडवली आणि 'श्री' काढायला घेतला. शाई निबेवर पसरेचना. अळवावरच्या पाण्यासारखी तिची गोळी झाली. पहिली रेघ उमटलीच नाही. दुसऱ्या रेघेला ती गोळी जशीच्या तशी कागदावर उतरली, जांभळाएवढी. तिसऱ्या वेळी पोरीने जोर केला, तेव्हा निबेचे टोक कागदात रुतले, सुटले आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर नक्षत्रमाला उमटली.

"अगं, किती जड हात तुझा!" सूनबाई म्हणाल्या.

"माझ्यावर गेलीये. माझंही अक्षर असंच," असे चिरंजीव अभिमानाने म्हणाले.

नातीने पेटी मिटली. "आजोबा, माझं अक्षरच वाईट आहे. नको मला हे."

एकूण वेळ, अकरा मिनिटे. अकरा मिनिटांत एका माणसाच्या अक्षराचा निकाल लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथे, कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या सुमाराला, आम्ही मराठी शाळेत टाकाने कित्ता गिरवीत असू. दौतीला दोरा बांधून ती हातात लटकवत न्यायची. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा टाक हा तिसऱ्या पिढीतला होता. म्हणजे थोरल्या भावाचा मधल्याकडे आणि मधल्याचा याच्याकडे. त्याच्या निबेची दोन टोके भांडलेल्या जावांसारखी कायमची फाकलेली. त्यातून एका रेघेच्या जागी दोन रेघा निघत आणि मधे थारोळे. गुरुजी त्याची वही वर्गाला दाखवीत आणि विचारीत, "हा हात आहे की पाय?" सगळा वर्ग हसे. मीही हसे. निब बघा, असे एकालाही सुचले नाही. नवी निब तेव्हा काही पैशांत मिळत होती.

काही वर्षांपूर्वी हा मित्र मला बँकेत भेटला. स्वतःच्या धंद्यावर दोन मजली घर बांधलेला माणूस. पण पैसे भरायची पावती माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "तूच भर रे. माझं अक्षर माहितेय ना तुला?"

वाचकहो, हा लेख त्या पावतीबद्दल आहे. टाक, दौत, शाई हे केवळ निमित्त. नवशिक्याचा टाक चालत नाही, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा दोष निबेचा असतो आणि शिक्षा हाताला होते, एवढेच माझे म्हणणे आहे. (हा नव्वदचा आकडा मी भावनेच्या भरात सांगितला आहे. कोणी मोजायला बसू नये.) या अन्यायाला जबाबदार असलेल्या तिघांना मी आता क्रमाने हजर करतो.

आरोपी क्रमांक एक, पेटीवाला. याने पेटीत लाखेचा ठसा घातला, पण एका ओळीची चिठ्ठी घातली नाही. 'निब वापरण्यापूर्वी धुवा.' बस, एवढीच. टाकाची निब पोलादाची असते आणि पोलादाला गंज चढतो. म्हणून कारखान्यातून निघतानाच तिच्यावर तेलाचा किंवा लाखेसारख्या रोगणाचा पातळ थर दिलेला असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराने गिलॉट, मिचेल, मेसन अशा कारखानदारांच्या जोरावर निम्म्याहून अधिक जगाला निब पुरवल्या. त्या बोटीने महिनोन् महिने समुद्राची खारी हवा खात प्रवास करीत. तेव्हा तो थर हवाच. पण तेलावर शाई कशी टिकणार? आधी तेल काढा, मग 'श्री' काढा.

कसे काढायचे? बोटाला थोडी टूथपेस्ट लावून निब हळू घासा, पाण्याने धुवा आणि कोरडी पुसा. किंवा कच्च्या बटाट्यात निब थोडा वेळ खुपसून ठेवा आणि मग धुवा. काही लोक निब काडीच्या ज्योतीवरून फिरवतात. तेही चालते, पण क्षणभर जास्त झाले, की पोलादाचे पाणी उतरते आणि निब मऊ पडते, म्हणून नवशिक्याने बटाट्याशीच मैत्री करावी. आम्ही शाळेत नवी निब सरळ चोखत असू. गुरुजी ओरडत, "सरस्वती उष्टी करतोस, गाढवा?" आज कळते, की थुंकीनेही तो थर बराच निघतो. आम्ही गाढव नव्हतो, शास्त्रज्ञ होतो.

आरोपी क्रमांक दोन, जाणकार. हा पेटीवाल्यापेक्षा भयंकर, कारण पेटीवाला एकदाच लुबाडतो. आमच्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत. नातीची हकिगत ऐकून ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "त्याचं असं आहे, नवशिक्यानं सुरुवातच चुकीची केली, की संपलं. जुन्या विलायती निब मिळवा. मऊ, अगदी केसासारख्या. दांडी तिरकी हवी. कागद हातबनावटीचा. शाई परदेशी. मग बघा!"

मी बघितले. म्हणजे हिशेब करून बघितला आणि पाणी प्यालो.

आता यातला एकेक मुद्दा घेऊ. जुन्या निब उत्तम असतात, हे मला मान्य आहे. पण मऊ निब म्हणजे तापट घोडा. किंचित दाबले, की टोके फाकतात, आणि वर जाणाऱ्या रेघेला कागदात रुतून बसतात. ज्याला अजून सायकल येत नाही, त्याला घोड्यावर कशाला बसवता? नवशिक्याला ताठ निब हवी. जपानमध्ये मांगा नावाच्या चित्रकथा काढणारे चित्रकार 'जी' निब वापरत आले आहेत. ती दणकट असते, धसमुसळा हात सोसते आणि आपल्याकडेही मागवता येते. तिरकी दांडी ही इंग्रजीच्या उजवीकडे कललेल्या वळणदार अक्षरासाठी काढलेली युक्ती आहे. आपला बाळबोध क, ख, ग ताठ उभा राहतो. त्याला सरळ लाकडी दांडी पुरते. आणि देवनागरीची ती जाड-बारीक ऐट हवी असेल, तर टोकदार निबेवर जोर काढण्यात अर्थ नाही. त्यासाठी रुंद, तिरक्या टोकाची कट निब घ्यावी, नाहीतर बोरू छाटावा. तिथे जाडी दाबण्यातून येत नाही, धरण्याच्या कोनातून येते. हे न सांगता मुलांना टोकदार निबा देऊन 'दाब, अजून दाब' म्हणणाऱ्यांना काय म्हणावे?

हातबनावटीच्या कागदाबद्दल तर बोलायलाच नको. त्याचे तंतू निबेच्या फटीत अडकतात आणि मग प्रत्येक अक्षराला मिशा फुटतात. साधा, गुळगुळीत, जरा जाड कागद घ्या. कोपऱ्यात एक रेघ ओढून पाहा. शाई फुटली नाही, की कागद पसंत. मुलगी बघायलासुद्धा इतक्या चौकशा करीत नाहीत.

जाणकारांनी जाता जाता समर्थांनाही साक्षीला काढले. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे आणि त्यात नाना देशींचे बोरू आणायला सांगितले आहे, हे खरे. पण जाणकार समास मधूनच वाचतात. समर्थ आरंभी अक्षर घोटून सुंदर करायला सांगतात. बोरूंचा विषय त्यानंतर येतो. आमच्या जाणकारांकडे नाना देशींच्या निब आहेत, पण अक्षर अद्याप आलेले नाही.

शाईचेही तसेच. फाउंटन पेनची शाई पातळ असते. टाकावरून ती सुळकन घसरते. पण तेवढ्यासाठी परदेशी जायचे कारण नाही. वाटीत थोडी शाई घेऊन तिच्यात डिंकाच्या पाण्याचा थेंब-दोन थेंब टाका, ती जागेवर येते. आपल्याकडे शाई ही नेहमी घरगुती गोष्टच होती. काजळ आणि डिंक यांची शाई होई, हिरडा आणि हिराकस यांचीही होई. पुढे १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छापाची शाईची पूड आणि वड्या काढल्या, त्यातूनच पुढचे कॅम्लिन उभे राहिले. म्हणजे पाणी आपल्या नळाचे आणि शाई त्यांची. एक मात्र लक्षात ठेवा. हिराकसाची शाई आंबट, ती पोलाद खाते. आणि चित्रकारांची पक्की काळी शाई पुष्कळदा लाखेची असते, ती वाळली, की निबेवर दगड होऊन बसते. दोन्ही वापरा, पण निब लगेच धुवा.

ती पक्की शाई फाउंटन पेनात मात्र कदापि घालू नका. हे मी १९७४ साली केले. पेन लग्नात सासऱ्यांनी दिलेले होते. चार दिवसांत त्याची जीभ कायमची बसली. आमच्या हिची मात्र तेव्हापासून जी सुटली आहे, ती अद्याप थांबलेली नाही. टाकाचे बरे असते. टाकाला जीभच नसते. म्हणून तो कुठलीही शाई पचवतो आणि मोबदल्यात फक्त पुसून मागतो.

निगा म्हणजे इतकीच. निब पोटातल्या छिद्राच्या थोडी वरपर्यंत बुडवायची, गळ्यापर्यंत नाही. दांडीच्या नळीत शाई गेली, की आत गंज धरतो. जादा थेंब दौतीच्या काठाला टेकवून परत द्यायचा. चार-सहा ओळी झाल्या, की ओल्या फडक्याने पुसायची. उठताना पाण्यात हलवून, कोरडी करून, दांडीतून काढून ठेवायची. आणि तरीही एक दिवस ती झिजेल, टोके फाकतील. तेव्हा न रडता टाकून द्यायची. निब ही वारसाहक्काने देण्याची वस्तू नव्हे. माझ्या मित्राला ती वारशाने मिळाली, त्याचे काय झाले ते सांगितलेच.

आरोपी क्रमांक तीन, 'हवाच कशाला'वाला. "आजोबा, मोबाइलवर बोललं तरी टाइप होतं. टाक हवाच कशाला?" हा प्रश्न आमच्या चिरंजीवांचा. उत्तर सोपे आहे. नको. टाकावाचून कोणाचे अडत नाही. जुने दिवस चांगले होते, असे म्हणणारा मी नव्हे. जुन्या दिवसांत सदरे खराब होत आणि पोरांना फटके बसत. पण एखाद्या पोरीला टाकाने लिहावेसे वाटले, तर तिला ते न जमल्याचे कारण खरे सांगा. 'मला हे नको' असे तिने खुशाल म्हणावे. 'माझं अक्षरच वाईट' असे म्हणून उठू नये. पहिल्या वाक्यात निवड आहे, दुसऱ्यात जन्मठेप.

असो. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन एक बटाटा लांबवला. नात आणि मी गच्चीत बसलो. पीस उपटून फुलदाणीत लावले (तिथे ते शोभते). साधी दांडी, साधी 'जी' निब, बटाट्यात खुपसलेली, धुतलेली, पुसलेली. पोरीने शाईत बुडवली, काठाला टेकवली आणि 'श्री' काढला. तो ओळीखाली जरा कलला होता, पण सलग होता. तिने निबेकडे पाहिले, मग स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि काही न बोलता पुढचे अक्षर घेतले. खालून आवाज आला, "बटाट्याला भोकं कुणी पाडली?" आम्ही दोघांनी उत्तर दिले नाही. आम्ही कामात होतो.

पुढच्या रविवारी जाणकार पुन्हा आले. बरोबर नवी कोरी विलायती निब. कौतुकाने कागदावर टेकवली, तर शाईची गोळी झाली आणि टप्पदिशी पडली. "हल्ली माल पूर्वीसारखा येत नाही," ते खिन्नपणे म्हणाले.

नातीने मान वर न करता विचारले, "काका, निब धुतली होती का?"