थर बसला, पण टिकला का?



तुमचे घर मालवण, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडे असेल, तर एक गंमत पाहा. भिंत जांभ्या चिऱ्यांची आणि तिच्यातल्या खिडकीला लोखंडी गज. भिंत आजोबांच्या वेळेपासून उभी आहे. गज मात्र चारपाच पावसाळ्यांतच पोपडे टाकू लागतो. नवल असे, की दोघांचाही तांबूस रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचाच आहे! जांभ्यातले विरघळणारे क्षार पावसाने युगानुयुगे धुऊन नेले आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली. त्यात गंजण्यासारखे आता फारसे काही शिल्लकच नाही. गजावरच्या प्रत्येक पोपड्याखाली मात्र कोरे लोखंड असते. पोपडा गळून पडला, की पुढच्या थराची पाळी.

मग ॲल्युमिनियमच्या टोपाचे असे का होत नाही? त्याच्यावरही ऑक्साइडचा थर धरतोच. तो इतका पातळ असतो, की त्याची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागात मोजावी लागते. ती जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर भरते. पण तो धातूला घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. पिलिंग आणि बेडवर्थ या दोघांनी १९२३ साली याचा एक सोपा हिशेब मांडला. धातूचे ऑक्साइड झाल्यावर त्याचे आकारमान किती पट होते, ते पाहा. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते सुमारे १.२८ पट होते. थर नीट मावतो. लोखंडाच्या बाबतीत ते दुपटीहून अधिक होते; थर फुगतो, तडकतो आणि सुटतो. सगळ्याच धातूंना हा एक नियम पुरत नाही, पण विचाराची दिशा त्यातून कळते.

आता प्रयोगशाळेत डोकावू या. तिथे असे थर मुद्दाम वाढवतात. मोबाइलच्या पडद्यावर इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक, तरीही वीज वाहून नेणारा थर असतो. असे थर बनवायला मोठी निर्वात यंत्रे लागतात, असा आपला समज असतो. पण आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात, प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि इतर संशोधकांनी साध्या रासायनिक पद्धतींनी पातळ थर बनवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. धातूच्या क्षाराचे द्रावण तापलेल्या काचेवर बारीक फवारायचे. पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि काचेवर ऑक्साइड उरते. दुसरी पद्धत तर त्याहून साधी. जस्ताच्या क्षाराच्या अमोनियायुक्त द्रावणात काच बुडवायची, मग गरम पाण्यात बुडवायची, आणि हेच पुनःपुन्हा करायचे. फेरीगणिक जस्ताच्या ऑक्साइडचा थर किंचित वाढत जातो.

थर वाढताना अणूंना जागा शोधायला उसंत मिळाली पाहिजे. काच गरम असेल, तर अणू थोडे सरकून रांगेत बसतात आणि थर स्फटिकी होतो. काच थंड असेल, तर अणू पडले तिथेच थिजतात. बहुतेक स्फटिकी थर म्हणजे असंख्य बारीक कण एकाला एक लागून रचलेले असतात, अगदी चिरेबंदी भिंतीसारखे. आणि भिंत कुठे झिरपते, हे गवंड्याला विचारा. तो सांगेल, सांध्यात!

रचना टिकवणे हेही वेगळेच कसब आहे. झिर्कोनियमचे ऑक्साइड सुमारे ११७० अंश सेल्सिअसच्या वर आपली स्फटिकरचना बदलते. थंड होताना ते मूळ रचनेवर येते, तेव्हा चार टक्क्यांच्या आसपास फुगते आणि तडकते. त्यात थोडे इट्रियमचे ऑक्साइड मिसळले, की रचना स्थिर राहते. म्हणूनच विमानाच्या इंजिनातल्या पात्यांवर असा थर देता येतो. ऑक्साइड तेच, चिमूटभर भर घातली आणि ते कामाचे झाले.

माझे म्हणणे आता इथून सुरू होते. थर वाढवणाऱ्याचे आपण कौतुक करतो; टिकवणाऱ्याची विचारपूस करत नाही. आपली विज्ञान प्रदर्शनेच पाहा ना! प्रतिकृती दोन दिवस चालली, की बक्षीस मिळते. ती पुढच्या जूनमध्ये चालते का, हे कोणी पाहत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर या सवयीची किंमत मोजावी लागते. राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. कोसळण्याची कारणे ठरवणे हे तपासाचे काम आहे. पण त्याचे नटबोल्ट गंजत असल्याचे त्याच महिन्यात लेखी कळवले गेले होते, एवढे आपण विसरू नये.

खारा वारा करतो तरी काय? लाटा फुटताना मिठाचे बारीक कण हवेत उडतात आणि धातूवर बसतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते आणि धातूवर खाऱ्या पाण्याचा पापुद्रा तयार होतो. त्यातला क्लोराइड संरक्षक थराच्या कच्च्या जागा हेरतो आणि तिथे खड्डे पाडतो. स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थरही यातून सुटत नाही. म्हणून समुद्राकाठी मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ जातीचे पोलाद वापरतात.

मित्रांनो, ही तपासणी तुम्हीही करू शकता. साधे खिळे, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, ॲल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेस स्टीलचा तुकडा घ्या. प्रत्येकाचे वजन करा आणि पुळणीजवळ, गावात आणि कुडाळ किंवा कणकवलीच्या मित्राकडे असे तीन ठिकाणी उघड्यावर टांगा. दरमहा निरीक्षण लिहा. वर्षाने गंज घासून काढा आणि पुन्हा वजन करा. तीन ठिकाणचे आकडे शेजारी शेजारी मांडा. समुद्रापासूनचे अंतर काय करते, ते आपोआप कळेल.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रमातून वेळ कुठे आहे? अडचण खरी आहे. पण हे काम महिन्यातून अर्ध्या तासाचे आहे, आणि वही एका वर्गाने दुसऱ्याकडे सोपवता येते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळा अशा कसोटीसाठी बंद पेटीत मिठाचे पाणी फवारतात. आपल्याला तो फवारा समुद्र फुकट देतो! एखाद्या शाळेकडे अशा दहा वर्षांच्या वह्या जमल्या, तर उद्या किनाऱ्यावर जेटी, छप्पर किंवा पुतळा उभारणारा अभियंता त्या मागायला तुमच्या दारात येईल.

तेव्हा येत्या जूनमध्ये पहिला खिळा टांगा. आणि कोणी नवा, चकचकीत थर दाखवला, तर कौतुक जरूर करा, पण एवढे विचारायला विसरू नका: "एका पावसाळ्यानंतर हा कसा दिसतो?"