बोका, बोके आणि आबा

‘फास्ट लेन्स म्हणजे फोटो लवकर निघतात का गं?’ काकूने विचारलं आणि मी हसले. आता वाटतं, हसायला नको होतं. कारण काकूचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं!

बघा ना. लेन्सच्या आत एक भोक असतं, अ‍ॅपर्चर. लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ नंबरने भागलं की त्या भोकाची रुंदी मिळते. म्हणजे 50 एमएमची एफ 1.8 लेन्स पूर्ण उघडली की भोक साधारण 28 मिलिमीटरचं, दहा रुपयांच्या नाण्याएवढं. कॅमेऱ्यासोबत मिळणारी ती बिचारी 18-55 असते ना, ती 55वर नेली की एफ 5.6च्या पुढे उघडतच नाही. तिचं भोक शर्टाच्या बटणाएवढं. नंबर लहान तेवढं भोक मोठं, हा उलटा फण्डा सुरुवातीला सगळ्यांच्याच डोक्यावरून जातो, टेन्शन घेऊ नका. लक्षात एवढंच ठेवायचं, की एफ 5.6च्या तुलनेत एफ 1.8ला सेन्सरवर जवळपास दहापट उजेड पडतो. उजेड जास्त, म्हणून शटर लवकर मिटतं. म्हणून फास्ट. काकू पास!

ही लेन्स मी माझ्या पहिल्या बऱ्या मानधनातून घेतली. फ्रीलान्स पत्रकाराचं ‘बरं मानधन’ म्हणजे काय, हा वेगळ्या कॉलमचा विषय आहे. पण दहा हजारांच्या आसपास मिळणारी ही चिमुकली लेन्स म्हणजे आपल्यासारख्या ईएमआयवाल्या जनतेला देवाने दिलेलं गिफ्ट आहे. ऑफिसची फेअरवेल पार्टी, कॅफेतला मिणमिणता बल्ब, रात्री अकराचा एफसी रोड. फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, तरी फोटो सॉलिड. आणि मागे लाइट्सचे ते गोल गोल फुगे! मैत्रिणी डीपी बदलायच्या आणि भाव मी खायचे.

तर 2023च्या डिसेंबरात चुलतबहिणीच्या हळदीला मी ही लेन्स घेऊन नागापूरला पोचले. नागापूर म्हणजे नगरचं एमआयडीसी (सरकारदरबारी 2024पासून अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय). मनमाड रोड, सीनेचा पूल, शिफ्ट सुटली की रस्ताभर टू-व्हीलर. आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची घड्याळं फर्स्ट, सेकंड आणि थर्ड शिफ्टवर चालली आहेत. हळद रात्री, दारातल्या मांडवात. उजेड म्हणजे चार पिवळे बल्ब आणि मांडवाला सोडलेल्या लाइटिंगच्या माळा. लग्नाच्या ऑर्डरवाल्या फोटोग्राफरने हॅलोजन लावला तर मी त्याला ‘दादा, प्लीज, मूड जातो’ म्हणून तो बंद करायला लावला. हो, इतका माज होता.

एफ 1.8, शटर 1/125, आयएसओ 1600. नवरी माझ्यापासून दीड मीटरवर, गालावर हळद, आणि मागे मांडव विरघळून गेलेला. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो दाखवला तर सगळ्या पोरी किंचाळल्या. आजीने मात्र चष्मा वर-खाली करत पाहिलं.

‘मागं हे काय धुरकाट?’

‘आजी, त्याला बोके म्हणतात.’

‘बोका? कुठंय बोका?’

मांडवभर हशा. पुढे लग्न होईपर्यंत पोरं माझ्या कॅमेऱ्यासमोर येऊन म्याऊ करून जात होती.

आजीचा दोष नाही, शब्दच तसा आहे. जपानी भाषेत ‘बोके’ म्हणजे धूसरपणा. जपानी फोटोग्राफर तो कधीपासून वापरत होते, पण इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो पसरला 1997मध्ये, ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकन मासिकाने त्यावर लेख छापले तेव्हा. लोकांनी नीट उच्चार करावा म्हणून संपादक माइक जॉन्स्टन यांनी स्पेलिंगच्या शेवटी एक ‘एच’ जोडला. परिणाम उलटाच झाला, आता निम्मं जग ‘बोकेह’ म्हणतं. आणि आजीचा बोका अगदीच हवेतला नाही हं. कडेच्या लाइट्सचे गोल पूर्ण गोल नसतात, लिंबासारखे चपटे दिसतात. तिरप्या उजेडाचा काही भाग लेन्सच्या नळीलाच अडतो, म्हणून तसं होतं. त्याला इंग्रजीत चक्क ‘मांजराचा डोळा’ असं नाव आहे!

ब्लरमागचं गणितही अवघड नाही. लेन्स एका अंतरावरचीच गोष्ट खरी शार्प दाखवते. त्याच्या थोडं पुढेमागे चालून जातं, बाकी सगळं पसरतं. भोक मोठं तर ही ‘चालून जाणारी’ जागा छोटी. माझ्या हळदीच्या फोटोत ती किती होती माहितेय? साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या करंगळीएवढी. नवरीचा डोळा शार्प, आणि त्याच चेहऱ्यातला कान गेलेला!

ज्यांना वाटतं ही चैन फक्त आपलीच, त्यांनी ‘बॅरी लिंडन’ हा 1975चा सिनेमा बघावा. स्टॅन्ली कुब्रिकला मेणबत्तीच्या उजेडातली दृश्यं मेणबत्तीतच शूट करायची होती. त्याने झाइस कंपनीच्या 50 एमएम, एफ 0.7 लेन्स मिळवल्या. मुळात नासासाठी केलेल्या, एकूण दहा. त्यातल्या तीन कुब्रिकने घेतल्या. फोकस इतका नाजूक की नटांना हलायची फारशी सोयच नव्हती, त्यामुळे ते लोक टेबलाभोवती पेंटिंगसारखे बसलेले दिसतात. सिनेमॅटोग्राफर जॉन अल्कॉटला ऑस्कर मिळालं. आमच्या हळदीत कुणी पेंटिंगसारखं बसत नसतं, हाच काय तो प्रॉब्लेम.

आमच्याच जिल्ह्यात या लेन्सची खरी परीक्षा पाहायची तर मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला अकोले तालुक्यात जायचं. भंडारदरा, पुरुषवाडी. पावसाच्या तोंडावर काजव्यांनी झाडं लुकलुकायला लागतात. तिथे आयएसओ 1600-3200, एफ 1.8 ते 2.8, पंधरा ते तीस सेकंदांचं शटर आणि ट्रायपॉड लागतोच. लेन्सच्या अगदी जवळून गेलेला काजवा फोटोत हिरवट-पिवळी टिकली होऊन उतरतो, भारी दिसतं. पण एक सांगून टाकते. जंगलभर काजव्यांची रांगोळी दिसते ते जे फोटो व्हायरल होतात, ते बहुतेक वेळा अनेक फ्रेम्स एकावर एक चढवून केलेले असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही. तसं दिसेल म्हणून वीकेण्डला गाड्याच्या गाड्या जातात, हेडलाइट चालू, मोबाइलचे टॉर्च चालू, आणि काजवे गायब. त्यांचा तो उजेड म्हणजे नर-मादीचे एकमेकांना इशारे असतात हो, आपल्या रीलसाठीची लाइटिंग नव्हे. जायचंच असेल तर टॉर्चला लाल कागद लावा, फ्लॅश घरीच ठेवा आणि फोटो नाही आला तरी चालेल असं ठरवून जा.

हे सगळं ज्ञान माझ्याकडे होतं, म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

2024च्या जुलैत आबा गेले. वय झालं होतं, तीन दिवस अंथरूण धरलं आणि गेले. दशक्रियेच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता. आमच्याकडे माणूस गेलं की आधी नातेवाइकांना फोन जातात आणि लगेच फ्लेक्सवाल्याला. काका मला म्हणाले, ‘तुझ्याकडं असंलच की. हळदीत तू किती फोटू काढले!’

सहाशे चाळीस. मोजले मी. त्या रात्री पुण्याहून घरी आलेली मी लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक उघडत होते. आबा अकरा फोटोंत सापडले. अकराही वेळा मागे, खुर्चीवर. पांढरी टोपी ओळखू येते, खांद्यावरचा टॉवेल ओळखू येतो. चेहऱ्याच्या जागी एक गव्हाळ डाग. ते माझ्यापासून साडेचार मीटरवर बसले होते. साडेसहा सेंटीमीटरच्या माझ्या जगात त्यांना जागा नव्हती.

सॉफ्टवेअरमध्ये ‘शार्पन’ करून पाहिलं. नाही होत. लेन्सने जे पसरवून टाकलं, ते सेन्सरपर्यंत शाबूत पोचलेलंच नसतं. हल्ली एआयवाली अ‍ॅप्स चेहरा आणून देतात, मी तेही करून पाहिलं. एक म्हातारा आला. छान होता, पण आमचा नव्हता.

एफ 4 ठेवलं असतं तर? शटर 1/60, आयएसओ 4000. फोटोत दाणे आले असते, पोरी किंचाळल्या नसत्या, पण आबा ओळखू आले असते. दोन-चार पावलं मागे सरकले असते तरी खूप फरक पडला असता. किंवा एकदा, फक्त एकदा, फोकस खुर्चीवर टाकला असता. त्यांनी मला हाकही मारली होती, ‘पोरी, आमचा बी घे एखांदा.’ मी म्हटलं होतं, ‘घेते आबा, थांबा जरा.’ आणि माळा छान दिसत होत्या म्हणून परत नवरीकडे वळले.

फ्लेक्सवर शेवटी आधार कार्डावरचा फोटो गेला. आधारवरचा फोटो कसा असतो ते तुम्हाला माहितेय. सीनेकाठी दहाव्याच्या मांडवात आबा सगळ्यांकडे रागावून बघत होते. आजी त्या फ्लेक्सकडे बघून एवढंच म्हणाली, ‘एवढा म्हागाचा कॅमेरा, आन निम्मी मानसं पुसून टाकली व्हय गं.’ त्यात राग नव्हता. तिला खरंच प्रश्न पडला होता.

दिवाळीत परत गेले तेव्हा धाकटा चुलतभाऊ मोबाइल घेऊन आला. त्यानेही हळदीत माझ्या शेजारी उभं राहून तोच फोटो काढला होता, पोर्ट्रेट मोडमध्ये. आणि मागचं सगळं असंच धुरकट. मी म्हटलं, अरे, तुझं पण तेच. आणि मग एकदम लक्षात आलं.

मोबाइलची लेन्सही एफ 1.8 वगैरे असते, पण तिची फोकल लेंग्थ जेमतेम सहा-सात मिलिमीटर, म्हणजे भोक तीन-चार मिलिमीटरचं. एवढ्याशा भोकातून खरा ब्लर फारसा होतच नाही. म्हणून फोन आधी जवळपास सगळंच शार्प घेतो, कोण पुढे कोण मागे याचा अंदाज बांधतो आणि मग मागचं पुसतो. म्हणूनच तर चष्म्याची दांडी नाहीतर केसांची बट कधीकधी मध्येच गायब होते, आणि म्हणूनच आम्ही ‘खऱ्या लेन्सवाले’ या मोडला नाकं मुरडतो. पण बऱ्याच फोनमध्ये हा ब्लर नुसता वरून फासलेला असतो. एडिटमध्ये जाऊन काढता येतो.

मी त्याच्या हातातून फोन घेतला. एडिट. पोर्ट्रेट ऑफ.

मांडव परत आला. स्टीलचे पेले, पाण्याचा जार, कुणाचा तरी उलटा पडलेला चपलेचा जोड, भिंतीला टेकवलेली सायकल. आणि खुर्चीवर आबा. फोटो दाणेदार होता, गाल थोडे मेणचट झालेले, रात्रीच्या मोबाइल फोटोचं होतं तसं. टोपी तिरकी. आबा नवरीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, टोपी सरळ करायला एक हात अर्धा वर गेलेला.

आजीने फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. म्हणाली, ‘तयार बसलेत की.’

नगरमधल्या स्टुडिओतून तो पोस्टकार्ड साइजमध्ये काढून आणलाय. मोठा केला तर फुटतो.