नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे

द्राक्षबागांचा हंगाम आला की आमच्या ओझर-नारायणगाव भागात मोरचुदाला मागणी येते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे झाले बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास ते केवड्यावर लागू पडले आणि आजही उपयोगी आहे. माझा आक्षेप फवारणीला नाही. फवारणीनंतर पंप आणि पिंप ओढ्यात किंवा कुकडीच्या काठावर विसळण्याला आहे.

मोरचुदात तांबे असते. माणसाला ते थोडेफार सोसते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. माशांना मात्र याच्या कितीतरी कमी तांबे मारक ठरू शकते, कारण ते थेट कल्ल्यांवर बसते आणि रक्तातील क्षारांचा तोल बिघडवते.

पालापाचोळा कुजून पाण्याला जी फिकट चहासारखी छटा येते, ती विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याची. हे द्रव्य तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे कल्ल्यांवर बसायला मोकळे तांबे कमी उरते. पण उन्हातील अतिनील किरण हेच द्रव्य हळूहळू तोडतात. पाणी नितळ दिसू लागते आणि तांब्यावरची पकड ढिली होऊ शकते. तांबे तेवढेच, विषारीपणा मात्र वाढलेला! म्हणून ‘पाणी काचेसारखे आहे, मग भीती कसली?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. अर्थात पाण्यात पाचोळा किंवा सांडपाणी सोडणे हा उपाय नव्हे. त्याने प्राणवायू घटतो आणि मासे तसेही मरतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ साली जलचरांसाठी तांब्याचा निकष ठरवताना आम्लता, कठीणपणा आणि सेंद्रिय कार्बनही हिशेबात घेतला. येडगाव धरणासारख्या जलाशयांच्या तपासणीतही तांब्याच्या जोडीला हे आकडे वाचले जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वाचकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. पंपाचे धुवण बागेतच फवारून संपवावे. मासे तरंगताना दिसले तर ते खाऊ नयेत, ग्रामपंचायतीला कळवावे. आणि पाणी उकळल्याने जंतू मरतात, तांबे जात नाही, हे घरातल्या सर्वांना सांगावे.