भुयारात उतरताना मशाली किती घ्याल?

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी मुलं दार ओढून घेतात, चार-चार तास फासे टाकत बसतात आणि आतून "मशाल विझली, आता मेलो!" असे आवाज येतात, तेव्हा पोटात गोळा येतो की नाही? माझ्याही यायचा. मग एकदा त्यांचा एक भिडू आजारी पडला. चिरंजीव म्हणाले, "आई, तू बस. तुला काही करायचं नाही, फक्त मशाल धर." बसले झालं!

ज्या भगिनींना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली काढला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. आणि गोष्ट बहुधा भुयारातच जाते.

आमच्या मंडळींजवळ मशाली होत्या तीन. एक मशाल एक तास जळते. वीस फुटांपर्यंत लख्ख दिसतं, पुढच्या वीस फुटांत अंधूक, त्यापलीकडे काळोख. पहिली विझली, दुसरीही निम्मी सरली. म्हणजे आत यायला दीड तास लागला आणि हाती उरला दीडच तास! महिनाअखेरीला तेल पुरवणाऱ्या बाईला हा हिशेब कळायला वेळ लागत नाही. पण मी गप्प बसले. मुलांच्या खेळातलं मला काय कळतंय, असं वाटलं. तिसरी विझली तेव्हा बाहेरचं दार अजून लांब होतं. चाचपडताना माझ्या मुलाचा योद्धा खड्ड्यात पडून मेला. पाच महिने जपलेलं पात्र ते! रात्री पोरगा धड जेवला नाही, आणि घास माझ्याही घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्यांचं नियमांचं पुस्तक वाचलं. आवृत्ती २०१४ ची. त्यात झाकणीचा कंदील आहे. एका शिशीभर तेलावर सहा तास चालतो, उजेड तीस फूट, आणि झाकणी खाली ओढली की शत्रूला लांबून दिसत नाही. मशालीला तांब्याचं एक नाणं, कंदिलाला मात्र पाच मोहरा. साहजिकच मुलं मशालीच घेतात! मशालीत एक हात अडकतो हेही विसरतात. तलवार धरली की ढाल धरायची कशात? जमेल तेव्हा कंदील घ्यावाच, आणि तेलाची जादा शिशी दुसऱ्याच्या पिशवीत ठेवावी. कंदीलवालाच पडला तर?

"आमच्यातल्या बुटक्याला अंधारात दिसतं, काकू," असं एकीनं मला ऐकवलं. दिसतं खरं, साठ फुटांपर्यंत, पण रंग कळत नाहीत आणि बारीकसारीक सापळे नजरेतून निसटतात. शिवाय बाकीच्यांनी काय त्याचा सदरा धरून चालायचं?

२०२३ साली केल्सी डिऑन या बाईंनी 'शॅडोडार्क' नावाचा असाच खेळ काढला. त्यात मशाल खऱ्या घड्याळाच्या तासाभरात विझते. मला हे फार पटलं. मुलांच्या मागे लागून हा नियम मी आमच्याकडे लावून घेतला आणि स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ मधोमध ठेवलं.

गेल्या रविवारी मशाली दोनच होत्या, कंदिलापुरत्या मोहरा काही जमल्या नव्हत्या. पहिली विझताच मी म्हटलं, "परत फिरा."

"काकू, दोनच खोल्या राहिल्यात!"

"राहू देत."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. पण मशाल माझ्या हातात होती. मी सूत्रधाराला सांगितलं, मी वळले. मग काय, कुरकुरत सगळे आले मागोमाग.